येसूबाईंवर कादंबरी लिहिताना कल्पनेला किती मोकळीक द्यावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: महाराणी येसूबाईंवर कादंबरी लिहायची आहे. रायगड पडल्यापासून सुटकेपर्यंतच्या जवळपास तीस वर्षांच्या कैदेबद्दल हाती फारसं काही लागत नाही. तिथे किती कल्पना चालवावी? इतिहासाशी प्रामाणिक राहिलं तर पुस्तक कोरडं होईल, आणि मोकळीक घेतली तर लोक अंगावर येतील, अशी दुहेरी भीती विचारणाऱ्याने मांडली आहे.

मी ऐतिहासिक कादंबऱ्यांची हस्तलिखितं आणि मालिकांच्या संहिता छपाईपूर्वी, चित्रीकरणापूर्वी तपासून देते. मोडी वाचते, फारसी साधनांसाठी भाषांतरांवर अवलंबून राहते. हा प्रश्न माझ्याकडे येणारे बहुतेक लेखक 'किती' या शब्दात विचारतात, जणू वीस टक्के कल्पना चालते आणि चाळीस टक्के चालत नाही असा काही नियम आहे. असा नियम नाही. सबंध प्रकरण मनाने लिहिलेलं असूनही मी बिनदिक्कत पुढे जाऊ दिलं आहे, आणि एका ओळीसाठी लेखकाशी तासभर भांडले आहे. तुमच्या कल्पनेमुळे मेलेल्या माणसाच्या नावावर नवा दोष चढतो का, किंवा ज्या वादाचा निकाल लागलेला नाही त्याचा निकाल तुम्ही कथेच्या सोयीसाठी लावून टाकता का, एवढंच मी पाहते.

आधी तुमच्याकडे काय आहे ते बघू, कारण 'फारसं काही मिळत नाही' हे अर्धंच खरं आहे. सांगाडा चांगला भक्कम आहे. येसूबाई शृंगारपूरच्या शिर्के घराण्यातल्या, पिलाजीरावांच्या कन्या. संभाजीराजे फेब्रुवारी 1689 च्या सुरुवातीला संगमेश्वरी पकडले गेले आणि 11 मार्चला त्यांना मारण्यात आलं. या मधल्या काळात रायगडावर राजारामांना मंचकावर बसवलं गेलं, म्हणजे येसूबाईंच्या सात वर्षांच्याही न झालेल्या मुलाला नाही. एप्रिलमध्ये राजाराम गडाबाहेर पडले. पुढे ज्याला झुल्फिकारखान हा किताब मिळाला त्या मोगल सरदाराच्या वेढ्यात गड नोव्हेंबरपर्यंत टिकला. गड पडल्यावर येसूबाई आणि शाहू मोगलांच्या हाती लागले. औरंगजेब मार्च 1707 मध्ये अहमदनगरजवळ वारला. मे महिन्यात त्याचा मुलगा आझमशहा याने उत्तरेकडे जाताना शाहूंना सोडलं, आईला मात्र ओलीस ठेवून घेतलं. त्या सुटल्या 1719 मध्ये, बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले तेव्हा. मुलाला निरोप दिला तेव्हा तो पंचविशीत होता, परत भेटला तेव्हा सदतीस वर्षांचा छत्रपती होता आणि साताऱ्यात राज्य करत होता.

या सांगाड्याला हात लावायचा नाही. तारखा पुढेमागे करून शाहू आणि येसूबाई एकत्र सुटले असं दाखवायचा मोह होईल, एका संहितेत मी ते पाहिलंही आहे. त्याने खोटेपणा तर होतोच, शिवाय तुमच्या नायिकेच्या आयुष्यातली सगळ्यात क्रूर गोष्टच पुसली जाते. मुलगा मोकळा झाला आणि आई त्याच्या चांगल्या वागणुकीची हमी म्हणून आणखी बारा वर्षं परक्यांत राहिली. याहून मोठं नाट्य कुठून आणणार?

आता सांगाड्याच्या आतल्या पोकळीकडे. छावणीत त्या काय जेवत, मुलाशी कोणत्या भाषेत बोलत, रायगडाची आठवण काढत की टाळत, राजारामांच्या मृत्यूची बातमी त्यांच्यापर्यंत कोणी आणि कशी पोचवली, जाऊबाई ताराबाई मोगलांशी झुंजताहेत हे ऐकून त्यांना अभिमान वाटला की आपल्या मुलाचा हक्क निसटतोय अशी धास्ती वाटली, की एकाच रात्री दोन्ही? यातलं काहीही कागदात नाही आणि ते सगळं तुमचं आहे. इथे घाबरून घाबरून लिहू नका. इथे मी फक्त एवढंच तपासते की ज्या जागी आणि ज्या वेळी माणूस उभा केला आहे, तिथे तो असू शकत होता का.

एक उदाहरण देते. ऑक्टोबर 1700 मध्ये माण नदीकाठच्या खवासपूरच्या छावणीत रात्री पुराचं पाणी शिरलं, हलकल्लोळ झाला, आणि त्या धावपळीत औरंगजेबाचा गुडघा निखळून तो पुढे लंगडतच राहिला. कादंबरीकाराच्या तोंडाला पाणी सुटेल असा प्रसंग आहे. अंधार, पूर, कोसळणारे तंबू आणि त्यात कैदी राणी. पण थांबा. 1699 मध्ये बादशहा एकेक किल्ला घ्यायला बाहेर पडला तेव्हा कुटुंबकबिला आणि जड सामान भीमेकाठच्या ब्रह्मपुरीच्या तळावर ठेवून निघाला होता. येसूबाई तेव्हा कोणत्या तळावर होत्या हे ठरवल्याशिवाय त्यांना त्या पुरात उभं करायचं नाही. नाहीच ठरलं, तर पुराची बातमी ब्रह्मपुरीला पोचते असं दाखवा. बादशहा लंगडा झाला ही बातमी बायकांच्या तंबूत कुजबुजत शिरते. माझ्या मते ते प्रकरण जास्त चांगलं होईल. यासाठी ठावठिकाण्याचा एक तक्ता करा. वर्ष, महिना, औरंगजेब कुठे, शाहू कुठे, ताराबाई कुठे, आणि येसूबाईंबद्दल काय माहीत आहे. कंटाळवाणं काम आहे, पण पुढचे निम्मे वाद तिथेच मिटतात.

दुसरी पायरी परंपरेची. औरंगजेबाची मुलगी झीनतुन्निसा हिने शाहूंना माया लावली असं सांगितलं जातं. येसूबाईंना 'श्री सखी राज्ञी जयति' ही मुद्रा होती हे तर घरोघरी माहीत आहे. राजारामांनी गड सोडून जावं, आपण मुलाला घेऊन मागे थांबू, हा सल्ला त्यांनीच दिला असंही परंपरा सांगते. अशा गोष्टी वापरायला माझी हरकत नसते. परंपरा हीसुद्धा साधनच आहे, फक्त ती घडल्यानंतर किती वर्षांनी लिहिली गेली आणि लिहिणारा कोणाच्या पदरी होता हे लक्षात ठेवायचं. सभासदाची बखर राजारामांच्या काळात जिंजीला लिहिली गेली, लेखकाने शिवकाळ पाहिलेला होता. मल्हार रामराव चिटणीसाची बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. दोन्हींना 'बखर' म्हणून एका माळेत ओवणारे लेखक पुढे अडचणीत येतात.

आणि इथेच तो भाग येतो ज्यासाठी मी भांडते.

संभाजीराजांचं काय झालं ते पाहा. चिटणीसाच्या बखरीत ते व्यसनी, स्त्रीलंपट, राज्य बुडवणारे म्हणून येतात. मल्हार रामराव हा बाळाजी आवजी चिटणीसांचा वंशज, आणि बाळाजी आवजींना 1681 मध्ये अण्णाजी दत्तोंसोबत संभाजीराजांच्या आज्ञेने देहदंड झाला होता. वंशजाने मुद्दाम सूड उगवला असं मी म्हणत नाही, घरात पिढ्यान्‌पिढ्या जी गोष्ट सांगितली गेली तीच त्याने लिहिली असेल. पण पुढे इतिहासकारांनी ती उचलली, त्यांच्याकडून नाटककारांनी उचलली, आणि रंगभूमीवर जे दिसलं तेच महाराष्ट्राच्या डोक्यात बसलं. वा. सी. बेंद्रे यांनी साधनं पालथी घालून लिहिलेलं चरित्र 1960 मध्ये आलं तेव्हा कुठे चित्र पालटू लागलं. तोवर दीडशे वर्षं गेली होती. राम गणेश गडकरी 1919 मध्ये वारले. त्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या 'राजसंन्यास' नाटकातल्या संभाजीवरून जानेवारी 2017 मध्ये पुण्यातला त्यांचा पुतळा उखडून मुठेत टाकण्यात आला. त्या कृत्याचं मी जराही समर्थन करत नाही. गडकऱ्यांनी त्यांच्या काळी जे ग्रंथ उपलब्ध होते त्यांनाच धरून लिहिलं होतं. पण नाटकातल्या एका व्यक्तिरेखेचा हिशेब शंभर वर्षांनी मागितला जातो, हे लिहायला बसण्यापूर्वी ठाऊक असलेलं बरं.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. इंग्लंडचा तिसरा रिचर्ड 1485 मध्ये बॉसवर्थच्या लढाईत मारला गेला. त्याला हरवणाऱ्याची नात सिंहासनावर असताना शेक्सपिअरने त्याच्यावर नाटक लिहिलं, आणि कुबडा, वाळल्या हाताचा, पुतण्यांना मारणारा राक्षस जगभर अजरामर झाला. 2012 मध्ये लेस्टर शहरात एका वाहनतळाखाली त्याचा सांगाडा मिळाला. पाठीचा कणा बाजूला वळलेला होता, हात मात्र धडधाकट. पुतण्यांचं काय झालं हे आजही सिद्ध झालेलं नाही. नाटक थोर आहे, यात वाद नाही. रिचर्डला त्याचा काय उपयोग!

आपल्या ऐतिहासिक कथांमध्ये याची आणखी एक खोड आहे. खलनायक हवा असला की दरबारातली बाई उचलायची. सोयराबाईंनी शिवाजीमहाराजांना विष दिलं ही गोष्ट किती सहज सांगितली जाते. मुंबईच्या इंग्रजांच्या पत्रात महाराजांच्या मृत्यूचं कारण रक्ताची हगवण असं आलं आहे. मग गोष्टीचा दुसरा अर्धा: संभाजीराजांनी रायगडावर येताच सोयराबाईंना भिंतीत चिणून मारलं. महाराज गेले एप्रिल 1680 मध्ये आणि सोयराबाईंचा मृत्यू ऑक्टोबर 1681 मधला. म्हणजे एकाच कथेने सावत्र आई आणि सावत्र मुलगा दोघांनाही खुनी ठरवलं. आनंदीबाईंचं तर विचारूच नका. नारायणराव पेशव्यांचा खून 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी केला. कट होता, रघुनाथरावांवर रामशास्त्र्यांनी ठपका ठेवला हेही प्रसिद्ध आहे. पण 'धरावे'चं 'मारावे' करणारी ती चिठ्ठी? तो कागद आजवर कोणी पुढे आणलेला नाही. तरी 'ध चा मा' हा वाक्प्रचार होऊन बसला आणि त्यात एका बाईचं नाव कायमचं अडकलं. अहिल्याबाईंच्या बाबतीत तर कौतुक करण्याच्या भरात हेच घडलं. न्यायासाठी त्यांनी पोटच्या मुलाला मरणाची शिक्षा दिली अशी कथा फिरते. मालेराव 1767 मध्ये आजाराने गेले. मुलाच्या मरणाने खचलेल्या आईला आपण मुलाची मारेकरी केलं, तेही तिची थोरवी वाढवायला.

तुमच्या कादंबरीत अशी जागा कोणती? गणोजी शिर्के. येसूबाईंचे भाऊ आणि शिवाजीमहाराजांचे जावई. त्यांनीच संगमेश्वरचा ठावठिकाणा मोगलांना दिला ही कथा इतकी रुळली आहे की तुम्ही ती गृहीतच धरली असेल. पक्कं काय आहे ते बघा. 1688 च्या अखेरीस संभाजीराजांचे विश्वासू कवी कलश आणि शिर्के यांच्यात जोराचा झगडा झाला, कलश विशाळगडाकडे हटले आणि संभाजीराजांनी येऊन शिर्क्यांचा मोड केला, हे जेधे शकावलीतून, म्हणजे जेधे घराण्याच्या सालवार नोंदींतून, कळतं. शिर्के मोगलांकडे गेले हेही खरं. पण त्या विशिष्ट दिवशी खबर त्यांनी दिली का? मोगली साधनांचा भर राजांना पकडणाऱ्या मुकर्रबखानाच्या हेरांवर आणि त्याने कोल्हापूरकडून घाट उतरून मारलेल्या धडकेवर आहे. पाँडिचेरीचा फ्रेंच गव्हर्नर फ्रान्स्वा मार्तँ याच्या त्या काळच्या लिखाणात संशयाचं बोट वेगळ्याच लोकांकडे जातं. वैर होतं, म्हणजे संशयाला जागा आहे, आणि ती तेवढीच आहे.

म्हणून माझा सल्ला असा की येसूबाईंना नक्की कळू देऊ नका. तुम्हालाही नक्की माहीत नाही, मग तुमच्या नायिकेला छावणीच्या तंबूत बसून कसं कळेल? तिच्या कानावर तीन वेगळ्या गोष्टी येतील. मोगल सरदाराची बायको एक सांगेल, जुना हुजऱ्या दुसरी, आणि माहेरचा कोणी भेटायला आला तर तो तिसरी. आपल्या भावाने आपलं कुंकू पुसलं का, हा प्रश्न तीस वर्षं उत्तराशिवाय बाळगणारी बाई ही 'माझ्या भावाने दगा दिला' म्हणून ऊर बडवणाऱ्या बाईपेक्षा कितीतरी मोठी व्यक्तिरेखा आहे. इथे इतिहासाची अडचण तुमच्या कामी येते.

मग घडलेली गोष्ट बदलायचीच नाही का? तसंही नाही. इंग्लंडची राणी एलिझाबेथ आणि स्कॉटलंडची मेरी या दोघींची उभ्या आयुष्यात कधी गाठ पडली नाही. पत्रांतून वैर आणि विनवण्या चालल्या, आणि फेब्रुवारी 1587 मध्ये मेरीचं डोकं उडवलं गेलं. जर्मन नाटककार शिलरने 1800 साली दोघींना एका बागेत समोरासमोर आणलं. उघडउघड खोटं. तरी मला ते चालतं, कारण त्याने कोणावर नवा गुन्हा चढत नाही. एलिझाबेथने मेरीला मारलं हे त्या भेटीआधीही खरं होतं आणि नंतरही तसंच राहतं. दोघींमध्ये पत्रांतून जे धुमसत होतं ते त्याने प्रेक्षकाला दिसेल अशा ठिकाणी आणलं. तुम्ही येसूबाई आणि झीनतुन्निसा यांची मैत्री रंगवलीत, दोन आश्रितांचं मिळून एक पात्र केलंत, चार महिन्यांच्या घडामोडी चार रात्रींत आणल्यात, तर मी हूं की चूं करणार नाही.

औरंगजेब आणि येसूबाई यांचा आमनेसामने संवाद घालायचा असेल तर घाला, पण त्याला मूर्ख करू नका. चार दशकांहून अधिक काळ हिंदुस्थानवर राज्य केलेला, ऐंशी ओलांडल्यावरही स्वतः मोहिमेवर निघणारा माणूस आहे तो. आपल्या मालिकांतला डोळे फिरवणारा, दाढी कुरवाळणारा बादशहा पाहिला की मला प्रश्न पडतो, अशा बावळटाशी लढायला सत्तावीस वर्षं कशाला लागली असतील? शत्रूचं चित्र खरं ठेवणं हाही येसूबाईंचा मान राखण्याचाच भाग आहे.

आणि कल्पना चालवण्याआधी एकदा कागद बघाच, कारण पुष्कळदा तिथे जे आहे ते सुचण्याच्या पलीकडचं असतं. शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक 6 जून 1674 चा आणि जिजाबाईंचं निधन 17 जूनचं. हे मी कादंबरीत वाचलं असतं तर 'फार जुळवून आणलंय' म्हणून काट मारली असती. ताराबाईंनी रामराजाला आपला नातू म्हणून पुढे आणलं, तो गादीवर बसला, आणि मग तो बधेना तेव्हा 1750 मध्ये त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात कोंडून 'हा माझा नातूच नव्हे' असं जाहीर केलं. पंचाहत्तर वर्षांच्या बाईची ही चाल कोणता लेखक रचू शकेल!

भाषेबद्दल वेगळा प्रश्न नव्हता, तरी सांगते, कारण हस्तलिखितं इथे सर्वांत जास्त घसरतात. सतराव्या शतकातली राणी गाळीव संस्कृतप्रचुर मराठीत बोलते हा विसाव्या शतकातला शोध आहे. त्या काळच्या पत्रांचा मायनाच 'अजरख्तखाने' असा सुरू होतो. फारसी शब्द इतके मुरलेले होते म्हणून तर शिवाजीमहाराजांना राजव्यवहारकोश करवून घ्यावा लागला. येसूबाई तर तीस वर्षं मोगली मुलखात आणि छावणीत राहिल्या. परतताना त्यांच्या बोलण्यात काय काय मिसळलं असेल, आणि साताऱ्याच्या बायकांना ते कसं वाटलं असेल, याचा विचार करा. पण अस्सल जुनी मराठी लिहायच्या फंदातही पडू नका, दोन पानांत वाचक दमतो. आजची साधी मराठी, त्यात काळाला धरून असलेले मोजके शब्द, आणि आजच्या कचेरीतला किंवा वर्तमानपत्रातला एकही शब्द नाही, एवढं पुरे.

वस्तूंचंही तसंच. 1685 मधल्या एकादशीला रायगडावर साबुदाण्याची खिचडी नको, आणि बटाट्याची भाजीही नको. इंग्रजांच्या कागदांतल्या तारखा 1752 पर्यंत जुन्या पंचांगाच्या असतात, त्या आपल्या आजच्या तारखांपेक्षा दहा-अकरा दिवसांनी मागे. औरंगजेबाच्या मृत्यूची तारीख कुठे 20 फेब्रुवारी तर कुठे 3 मार्च दिसेल. दोन्ही बरोबर आहेत. एका पुस्तकात एकच पद्धत धरा म्हणजे झालं.

राहिली लोकांच्या रागाची भीती. 2025 मध्ये संभाजीराजांवरच्या हिंदी चित्रपटाच्या बाबतीत जे घडलं ते तुम्हाला आठवत असेलच. प्रदर्शनाआधी संभाजीराजे लेझीम खेळतानाच्या दृश्यावर गदारोळ झाला आणि ते कापलं गेलं. प्रदर्शनानंतर गणोजी-कान्होजींना फितूर दाखवल्याबद्दल शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला, दिग्दर्शकांनी चित्रपटात शिर्के हे आडनाव घेतलेलं नाही असं स्पष्टीकरण देऊन दिलगिरी व्यक्त केली. माझी फूटपट्टी लावली तर लेझीम हा किरकोळ मामला, पटलं नाही तर रसिक नाक मुरडेल, कोणा मृताचं त्यात नुकसान नाही. शिर्क्यांचा आक्षेप वजनदार. महाराष्ट्रात ओरड जास्त झाली ती लेझीमची. यावरून एवढं समजून घ्या की लोक कशावर चिडतील हे तुम्हाला ओळखता येणार नाही, त्यामुळे त्या अंदाजाने लिहू नका. त्या चित्रपटाला आधार एका गाजलेल्या मराठी कादंबरीचा होता, हीही गोष्ट विसरण्यासारखी नाही. तुमचं पुस्तकही उद्या कोणाचं तरी साधन होईल.

कायद्याचं म्हणाल तर मी वकील नाही, पण दोन गोष्टी माहीत असू द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 नुसार मृत व्यक्तीची बदनामीसुद्धा, ती कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केली असेल तर, गुन्हा ठरू शकते. आणि गांधीजींवरच्या एका मराठी कवितेच्या खटल्यात 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने असं म्हटलं की ऐतिहासिक आदरणीय व्यक्तीच्या तोंडी अश्लील भाषा घालण्यासाठी काव्यस्वातंत्र्याची ढाल पुढे करता येत नाही.

'यातील सर्व पात्रे काल्पनिक आहेत' ही ओळ मात्र टाकू नका. मुखपृष्ठावर येसूबाईंचं नाव आणि आत ती ओळ, यावर कोणीही हसेल. ब्रिटनमध्ये राजघराण्यावरच्या मालिकेला 'हे काल्पनिक आहे' अशी पाटी लावा, असं 2020 मध्ये तिथल्या सांस्कृतिक मंत्र्यांनी सुचवलं तेव्हा नेटफ्लिक्सने नकार दिला. दोन वर्षांनी नव्या भागांच्या झलकेखाली तसा मजकूर आलाच. त्या सरसकट पाटीने प्रेक्षकाला काही कळतं असं मला वाटत नाही, कारण त्यातलं काय रचलेलं आणि काय घडलेलं हे ती सांगत नाही. त्यापेक्षा शेवटी चार-पाच पानांचं मनोगत लिहा आणि नावनिशीवार सांगा. झीनतुन्निसाशी मैत्रीला परंपरेचा आधार आहे, संवाद माझे. अमुक दासी माझी. फितुरीबद्दल साधनं एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून मी ती उघडी ठेवली. प्रकाशक म्हणेल की याने वाचकाचा रसभंग होतो. ऐकू नका. हे मनोगत लिहिणं सोपं जावं म्हणून पहिल्या दिवसापासून वहीत प्रत्येक प्रसंगापुढे खूण करत चला, कागदातलं, ऐकीव की माझं. कादंबरी संपल्यावर आठवून लिहायला बसलात तर आपलं कोणतं आणि इतिहासाचं कोणतं हे लेखकाला स्वतःलाच सांगता येत नाही, हे मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे.

आणखी एक, सुरुवात कुठून करावी याबद्दल. बहुतेक जण संगमेश्वरपासून सुरू करतात आणि निम्मं पुस्तक संभाजीराजांच्या हालांत खर्च करतात. मग कैदेला शंभर पानंही उरत नाहीत आणि कादंबरी पुन्हा नवऱ्याची होते. तुम्ही नोव्हेंबर 1689 पासून सुरू करा, गडाचे दरवाजे उघडतात तिथून. मागचं सगळं तिच्या आठवणीतून येऊ द्या, आणि आठवण आहे म्हणून तिथे चुकायची मुभाही तिला राहील.